जुने दिसणे आणि जुने होणे

जुनी वस्तू विकत मिळते. पण जुनेपणा विकत मिळतो काय? पुण्याच्या जुन्या बाजारात गेले तर पितळेचे घंगाळ मिळते, अडकित्ता मिळतो, कोणाच्या तरी आजोबांच्या भिंतीवरचे लंबकाचे घड्याळही मिळते. या वस्तू जुन्या आहेत याचा अर्थ एवढाच, की त्यांच्यावरून वर्षे गेलेली आहेत आणि त्या वर्षांच्या खुणा त्यांच्या अंगावर आहेत. परंतु अलीकडे बाजारात आणखी एका जातीचा माल येतो. तो कारखान्यातून कालच बाहेर पडलेला असतो आणि पाहताक्षणी सत्तर वर्षांपूर्वीचा वाटतो. दिवाळीच्या या दिवसांत तर तो घरोघर दिसतो. विजेचा दिवा पणतीच्या आकाराचा असतो. त्याची ज्योत वाऱ्याने हलावी तशी हलते आणि वारा मात्र कोठेच नसतो. तेल नाही, वात नाही, काजळी नाही. पणतीची आठवण तेवढी आहे. अशा वस्तूंविषयी तुच्छतेने बोलणे सोपे आहे. मला ते बोलता येत नाही. कारण माझ्या दारात अशीच एक वस्तू उभी आहे, आणि ती पणतीपेक्षा बरीच महाग व १९५ किलो वजनाची आहे.

ती मोटारसायकल आहे. रॉयल एनफील्ड कंपनीची 'क्लासिक'. गोल मोठा दिवा, त्याच्या दोन्ही बाजूंना वाघाच्या डोळ्यांसारखे दोन बारके दिवे, थेंबाच्या आकाराची पेट्रोलची टाकी, तारांची चाके आणि मधोमध उभे असलेले एकच सिलिंडर. हे सगळे रूप १९५० च्या आसपासचे. आतले यंत्र मात्र २०२१ साली या गाडीत आले. त्याची क्षमता ३४९ घन सेंटिमीटर आणि शक्ती सुमारे २० अश्वशक्ती. ज्यांना यातले कळते ते सांगतील, की एवढ्याच आकाराच्या यंत्रातून आज याच्या दुप्पट शक्ती सहज काढता येते आणि काढलीही जाते. माझ्या गाडीत ती काढलेली नाही. म्हणजे गाडी रूपाने मुद्दाम जुनी आणि बळाने मुद्दाम बेताची.

भेटीला येणारी माणसे तिची दोन प्रकारे स्तुती करतात. काहीजण म्हणतात, "वा, किती अस्सल!" आणि काहीजण म्हणतात, "आजकालच्या सुसाट गाड्यांपेक्षा हे बरे, साधे." दोन्ही शब्द ऐकून मला अवघडल्यासारखे होते. 'अस्सल' हा सत्याचा दावा आहे आणि 'साधे' हा सदाचाराचा. पैसे मोजून आणलेल्या वस्तूमुळे माझ्या पदरात सत्य आणि सदाचार दोन्ही पडत असतील, तर तो व्यवहार जरा तपासूनच पाहिला पाहिजे.

आधी अस्सलपणा पाहू. या गाडीची वंशावळ लांब आहे. इंग्लंडमधील रेडिच गावच्या कारखान्यातून 'बुलेट' या नावाची मोटारसायकल १९३२ पासून निघत होती. स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याला सरहद्दीवरच्या गस्तीसाठी मजबूत गाडी हवी होती. निवड बुलेटची झाली, आणि १९५५ साली मद्रासला 'एनफील्ड इंडिया' उभी राहून गाड्या येथेच जोडल्या जाऊ लागल्या. पुढे एक चमत्कारिक गोष्ट घडली. १९७० च्या सुमारास इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली आणि मद्रासची शाखा चालूच राहिली. खोड वाळले आणि पारंबीचे झाड झाले. तिकडे जपानी मोटारसायकलींनी जग बदलून टाकले. इकडे १९४९ च्या घडणीची बुलेट थोड्याफार फरकाने एकविसावे शतक लागले तरी निघत होती. उजव्या पायाला गिअर, तेलाचे दोन थेंब जमिनीवर, आणि गाडी सुरू करण्याचा तो विधी : एक बारका दांडा दाबून सिलिंडरमधली कोंडलेली हवा सोडायची, विजेच्या मापकाचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूच खाली न्यायची, आणि मग सगळे वजन टाकून एकदाच मारायची. ज्याला ही युक्ती साधत नसे त्याच्या नडगीला किक उलटून लागे.

त्या बुलेटला कोणी 'जुन्या धाटणीची' म्हणून विकत नव्हते. ती जुनी होती, कारण ती थांबली नव्हती आणि बदललीही नव्हती. एखादे खेडे हमरस्त्यापासून दूर राहते आणि त्याची बोली जुनी राहते, तसे ते जुनेपण होते. २००९ साली त्याच कंपनीने 'क्लासिक' बाजारात आणली, तेव्हा मात्र गोष्ट वेगळी झाली. यंत्र नवे घडवले, गिअर डाव्या पायाकडे आला, आणि रूप मागच्या काळातून निवडून काढले. मागे राहणे वेगळे आणि मागे वळणे वेगळे. जो मागे वळतो त्याला पुढचा रस्ता ठाऊक असतो; त्याचे जुनेपण हा त्याने घेतलेला निर्णय असतो. निर्णय आला, की त्याच्या खरेखोटेपणाचा प्रश्नही येतोच.

तर मग माझी गाडी खोटी आहे काय? तिच्या पोटात पाहिले तर कार्बुरेटर नाही. पेट्रोल किती आणि केव्हा सोडायचे हे संगणकाच्या हुकमाने ठरते. २०२० च्या १ एप्रिलपासून धुरासंबंधीचे कडक नियम लागू झाले, त्यांच्यात जुने यंत्र बसलेच नसते. किकही नाही, बटण दाबायचे. १२५ घन सेंटिमीटरच्या वरच्या मोटारसायकलींना २०१९ पासून कायद्याने सक्तीचा झालेला, चाक जागच्या जागी न अडकू देणारा ब्रेक तिला आहे. पावसात, उतारावर, समोर म्हैस आडवी आली असता हा ब्रेक जे काम करतो ते जुन्या बुलेटच्या ब्रेकने केले नसते. जुन्या वेषाखाली हे सगळे नवे दडलेले आहे, आणि या दडवणुकीबद्दल माझी तक्रार नाही. जुन्या काळाच्या प्रेमापोटी जुन्या काळचे अपघात पत्करावेत, असे कोणी म्हणणार नाही.

परंतु दडवण्याचेही प्रकार असतात. इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीने आपल्या 'बॉनव्हिल' गाडीला नवी इंधनयोजना बसवली तेव्हा ती जुन्या कार्बुरेटरच्या आकाराच्या कवचात घातली. पाहणाऱ्याला कार्बुरेटर दिसतो आणि तो तेथे नसतो. काही गाड्यांचे यंत्र पाण्याने थंड होते, आणि तरी त्याच्या अंगावर हवेने थंड होणाऱ्या यंत्रासारख्या पातळ पाकळ्या ठळकपणे काढलेल्या असतात. माझ्या गाडीच्या सिलिंडरवरच्या पाकळ्यांना अजून काम आहे. उन्हाळ्यात घाट चढून आल्यावर त्यांच्याजवळ हात नेला, की त्या किती काम करतात ते कळते. एकीकडे आकाराला कारण आहे, दुसरीकडे कारण गेले आणि आकार उरला. जुन्या वस्तू आपल्याला सुंदर वाटतात याचे एक कारण असे असावे, की त्यांचा बहुतेक प्रत्येक आकार कशाच्या तरी उपयोगातून आलेला असतो. तो उपयोग सोडून आकार तेवढा उचलला, तर आपण त्या वस्तूची सही उचलली आणि तिचे पत्र वाचलेच नाही.

आवाजाचे उदाहरण घ्या. मराठीने मोटारसायकलीला 'फटफटी' हे नाव दिले ते तिच्या आवाजावरून. नव्या यंत्रात थरथर मारणारा एक तोलदांडा असतो. त्यामुळे ती आता फटफट करीत नाही, गुरगुरल्यासारखी चालते. कित्येकांना हे सहन होत नाही. ते कंपनीचा सायलेन्सर काढून टाकतात आणि मोठ्याने गर्जणारा दुसरा बसवतात. मग पोलिस ते सायलेन्सर जप्त करतात आणि रस्त्यावर अंथरून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात. या सायलेन्सरवाल्यांनाही जुन्या काळाचे प्रेमच असते. पण त्यांच्या आठवणीची किंमत गल्लीतल्या आजारी माणसाने रात्री दोन वाजता द्यायची असते. गतकाळाची ओढ ही खाजगी गोष्ट आहे तोवर ती निरुपद्रवी; ती दुसऱ्यावर लादली, की तिच्यात आणि दांडगाईत फरक राहत नाही.

एवढे मान्य करूनही, जुन्याची नक्कल म्हणजे खोटेपणा हे मला पटत नाही. मुंबईचे बोरीबंदर स्थानक पाहा. ते १८८८ साली पुरे झाले. त्या काळचे सर्वांत नवे यंत्र म्हणजे आगगाडी, आणि त्या यंत्रासाठी बांधलेली ही इमारत. तिचे रूप कोणते? मध्ययुगीन युरोपातल्या गॉथिक वास्तूंचे. कमानी, शिखरे, घुमट, दगडात कोरलेले पशुपक्षी. वास्तुकार स्टीव्हन्सने आगगाडीला सहाशे वर्षांपूर्वीचा अंगरखा घातला. आजच्या भाषेत ते स्थानक जन्मतःच 'जुन्या धाटणीचे' होते. पण गेली सव्वाशेहून अधिक वर्षे माणसे त्या कमानींखालून कामाला गेली आणि घरी परतली. २००४ साली तिला जागतिक वारशात स्थान मिळाले. आता तिला कोणी नक्कल म्हणत नाही. ती खरी कशाने झाली? दगड तेच आहेत, आकार तोच आहे. वापराने आणि काळाने ती खरी झाली. नक्कल म्हणून जन्मलेली वस्तूसुद्धा, तिला टिकू दिले तर, स्वतःच्या मालकीचे जुनेपण मिळवते.

आता दुसरा दावा : साधेपणाचा. वीस अश्वशक्ती म्हणजे बेताची शक्ती, असे आपण सहज म्हणतो. अश्वशक्ती हे माप जेम्स वॉटने अठराव्या शतकात रूढ केले. खाणींत आणि गिरण्यांत घोडे जुंपणाऱ्यांना आपले वाफेचे यंत्र किती घोड्यांचे काम करील हे सांगण्यासाठी. त्या हिशेबाने माझ्या एकट्या देहाला घेऊन जाण्यासाठी वीस घोडे जुंपलेले आहेत. धडधाकट माणूस दिवसभर राबला तर अश्वशक्तीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास काम करतो. म्हणजे हे दोनशे मजूर झाले. मोठमोठ्या सरदारांच्या पालखीला चार-आठ भोई असत. आणि दोनशे माणसांचे बळ मुठीत घेऊन जाणाऱ्याला आपण 'साधा' म्हणतो. कारण शेजारून जाणाऱ्याच्या मुठीत चारशे-सहाशे असतात! साधेपणा हा शब्द आपण किती स्वस्त केला आहे, हे या बेरजेवरून कळावे.

तरीही या वीस घोड्यांत एक शहाणपण आहे, ते मात्र मला या गाडीने शिकवले. पदार्थविज्ञानातला एक साधा नियम आहे. हवेला बाजूला सारीत जाण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना हवेपायी जेवढी शक्ती खर्च होते, तिच्या आठपट ताशी १२० ला लागते. साठ किलोमीटरचा रस्ता एका तासाऐवजी अर्ध्या तासात तोडायचा, तर त्या अर्ध्या तासासाठी हवा आठपट शक्ती मागते. माझी गाडी साठ-सत्तरला सुखी असते, ऐंशीला राजी असते. शंभराच्या पुढे ती कुरकुरते आणि थोड्याच वेळात हात टेकते. तिचे पिस्टनचे घर अरुंद आणि लांब आहे, व्यास ७२ मिलिमीटर आणि धाव ८५.८, त्यामुळे ती घाईने फिरण्यापेक्षा सावकाश ओढणे पसंत करते. वेगाचा मोह मला पडत नाही असे नाही. पण गाडीच त्या मोहाला साथ देत नाही. कठोपनिषदाने इंद्रियांना घोडे म्हटले आणि मनाला लगाम. माझ्या बाबतीत लगाम घोड्यांच्याच अंगात आहे. त्याचे श्रेय माझ्या मनाने घेऊ नये.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. म्हणून मुंबईला जाताना मला जुन्या रस्त्याने जावे लागते. त्या रस्त्याला अजून गावे आहेत. वडगाव, कामशेत, खोपोली ही नुसती पाट्यांवरची नावे नसून त्यांच्या बाजारातून, शाळा सुटलेल्या मुलांच्या गर्दीतून वाट काढावी लागते. वेग कमी असला म्हणजे लक्ष वाढते, हे सगळ्या पायी चालणाऱ्यांना ठाऊकच आहे. यंत्रावर बसूनही त्यातला थोडा अंश मिळतो, एवढेच माझे म्हणणे. हे सुख आहे. पण सुखाला पुण्य म्हणण्याची घाई मी करू नये, याची जाणीव मला एका दूधवाल्याने करून दिली.

भोरहून वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका चहाच्या टपरीपाशी मी थांबलो होतो. शेजारी एक 'स्प्लेंडर' येऊन उभी राहिली. दोन्ही बाजूंना दुधाच्या रिकाम्या किटल्या, टाकीवरचा रंग गुडघ्यांच्या घर्षणाने उडालेला, सीट दोरीने शिवलेले. उतरलेला माणूस चाळिशीचा असेल. त्याने माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारले,

"साहेब, केवढ्याला पडली?"

मी आकडा सांगितला. त्याने मनाशी काही भागाकार केला.

"अन् अ‍ॅव्हरेज?"

"पस्तीस-छत्तीस."

"आमची साठाच्या खाली येत नाही. चौदा वर्षं झाली. मग हिच्यात जादा काय आलं?"

प्रश्नात खोच नव्हती. त्याला खरोखर जाणून घ्यायचे होते. मी म्हणालो, "दिसायला जुनी आहे, म्हणून घेतली."

तो मोकळेपणाने हसला आणि आपल्या गाडीच्या सीटवर थाप मारून म्हणाला, "जुनी तर आमची बी हाय!"

त्याची गाडी ९७ घन सेंटिमीटरची, जेमतेम ८ अश्वशक्तीची. १९९४ साली ती पहिल्यांदा बाजारात आली तेव्हा तिचे रूप त्या काळचे, नवेच होते. जुने दिसावे असा तिच्या कर्त्यांचा हेतू नव्हता. ती दूधवाल्याच्या हाताखाली, घाटात, पावसात, चौदा वर्षांत जुनी झाली. तिच्या गुडघ्याच्या खुणा खऱ्या, तिची शिवण खरी, तिचे बेताचे बळही खरे. कारण ते परवडण्यापुरते होते आणि पुरले. त्याच्या शक्तीला कोणी 'संयम' म्हणत नाही. माझ्या गाडीला त्याच्या गाडीच्या दुपटीहून अधिक पैसे पडले. तिची शक्ती त्याच्या गाडीच्या अडीचपट, आणि लोक तिला साधी म्हणतात. ज्याला अधिक घेता येते त्याने कमी घेतले तर ते व्रत, आणि ज्याला अधिक घेता येत नाही त्याचे कमी ही नुसती परिस्थिती. शब्दांची ही वाटणी अन्यायाची आहे. श्रीमंताचा उपास आणि गरिबाची उपाशी रात्र यांत पोटाला फरक कळत नसेल, पण उपास सोडायचे स्वातंत्र्य एकालाच असते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी गरिबीचे स्तोत्र गातो आहे असे वाटेल. आपल्या वडिलांच्या पिढीने वस्तू वीस-वीस वर्षे वापरल्या. १९७२ साली निघालेल्या 'चेतक' स्कूटरसाठी लोकांनी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिली. मिळालेली स्कूटर मग घरातल्या माणसासारखी जपली. त्या जपण्याचे कौतुक करताना आपण हे विसरतो, की त्यांच्यापुढे फारशी निवड नव्हतीच. परवान्यांच्या राज्यात निष्ठा सक्तीची होती. आता 'चेतक' हेच नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला मिळाले आहे आणि ती हवी तेव्हा मिळते. आज वस्तू जपायची तर ती टंचाईमुळे जपली जाणार नाही. कोणीतरी ती आपण होऊन जपायला हवी. जे पूर्वी अभावाने करून घेतले ते आता निश्चयाने करायचे, हा आपल्या पिढीपुढचा नवा प्रश्न आहे, आणि तो आधीच्या प्रश्नापेक्षा सोपा नाही.

येथे माझ्या मनातले दोन्ही धागे एकत्र येतात. वस्तू जुनी व्हायची तर तिला वर्षे मिळाली पाहिजेत. तिला वर्षे केव्हा मिळतात? मालकाला 'हे पुरे' असे वाटते तेव्हा. शक्तीच्या शर्यतीत जो उतरला त्याची गाडी तीन वर्षांत जुनाट होते, पण जुनी कधीच होत नाही. कारण तोवर चाळीस घोड्यांच्या जागी साठ आलेले असतात आणि ती विकली गेलेली असते. वेगवान वस्तू शिळी होते. पुरेशी वस्तू जुनी होऊ शकते. माझ्या गाडीच्या बेताच्या बळाचा नैतिक अर्थ असलाच तर एवढाच : ती शर्यतीत नाही, म्हणून तिला हरवून कोणी तिला माझ्या दारातून हाकलू शकत नाही. साधेपणाचे पदक तिला नको. तिच्या बळाचा बेत हा तिला टिकवण्याची सोय आहे.

आणि टिकवणे म्हणजे काय, तेही ठरवले पाहिजे. मिलिंद राजाला भिक्षू नागसेनाने विचारले होते, की रथ म्हणजे नक्की कोणता भाग. आस की चाके की जू? सुटे पाहिले तर कशातच रथ नाही. वीस वर्षांनी माझ्या गाडीची साखळी, टायर, तारा, क्लचच्या चकत्या, कदाचित पिस्टनसुद्धा बदललेले असेल. तरी ती तीच गाडी असेल. कारण बदलणाऱ्यांची ओळ तुटलेली नसेल. अमेरिकन लेखक रॉबर्ट पिर्सिगने १९६८ साली मुलाला मागे बसवून मिनिआपोलिसहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत प्रवास केला तो ३०५ घन सेंटिमीटरच्या होंडावर. तिचे नटबोल्ट तो स्वतः आवळी, आणि तिच्या देखभालीवरून त्याने १९७४ साली तत्त्वज्ञानाचे पुस्तक लिहिले. ती गाडी तेव्हा कोणालाही पुराणी वाटत नव्हती. आज ती स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. तेथपर्यंत ती रूपाच्या जोरावर पोहोचली नाही. तिला जपणारा माणूस भेटला, म्हणून पोहोचली.

म्हणून या सगळ्या विचाराअंती मी स्वतःपुरता एक निवाडा केला आहे. जुन्या रूपाची नवी वस्तू घेणे हे पाप नाही आणि पुण्यही नाही. ते एक वचन आहे. त्या रूपाने जगाला सांगितलेले असते, की येथे काळ गेला आहे. ते अजून घडलेले नाही. मालकाने वस्तू तीन वर्षांत विकली तर ते रूप खोटे पडले. ती सांभाळली, दुरुस्त केली, तिच्या अंगावर स्वतःची वर्षे उमटू दिली, तर त्या रूपाने उसने घेतलेले जुनेपण हळूहळू फेडले गेले. दिवाळीनंतर कचऱ्यात जाणारी विजेची पणती आणि बोरीबंदरचे स्थानक यांच्यात फरक पडतो तो येथेच. दोघांनीही जुने रूप उसने घेतले; एकाने कर्ज फेडले.

माझ्या गाडीची नोंदणी २०२२ ची. नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०३७ साली तिला पुन्हा तपासणीसाठी परिवहन कार्यालयात न्यावे लागेल, पर्यावरणाचा कर भरावा लागेल, आणि पास झाली तर आणखी पाच वर्षांची मुदत मिळेल. तेव्हा पेट्रोलवर चालणे हेच लोकांना विचित्र वाटत असेल, आणि तो कर मागणाऱ्यांचे म्हणणेही चुकीचे नसेल. तरी तिला तेथवर न्यायचा माझा बेत आहे. तोवर मात्र कोणी तिला पाहून "किती जुनी, हो?" असे कौतुकाने विचारले, तर मी तिचे साल सांगतो आणि गप्प बसतो.